पाच शतांशाची पाती

१

शनिवार, १७ फेब्रुवारी २००७. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका घराचं तळघर. बाहेर उणे अकरा अंश आणि गुडघाभर बर्फ. राजाराम ढवळीकर, वय त्रेसष्ट, यांनी बंदुकीच्या दस्त्यावरचं लाकडी झाकण तळहातानं आत लोटलं आणि खटका पडला.

वेळ नक्की आहे. समोर भिंतीवर घड्याळ होतं, आणि एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस काम संपलं की आधी घड्याळाकडे बघतो. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलिसांच्या, फाइलमध्ये मात्र ही वेळ सापडणार नाही. ही तारीखही नाही. राजारामांचं नाव एकदाच आहे, शेजाऱ्यांच्या यादीत, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. तिथे याला ‘चौकशी पूर्ण’ म्हणतात.

२

वॉल्टर हॅसेल दोन घरं सोडून राहायचा. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, एकाहत्तर वर्षांचा, उंच, बोलका माणूस. गॅरेजमध्ये तो हातानं ठासणीच्या बंदुका बनवायचा. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि वरून गजानं ठासायचं. त्या चकत्या ठेवायला दस्त्यातच एक कप्पा कोरतात आणि त्यावर खटक्यानं बंद होणारं सरकतं झाकण बसवतात.

राजाराम २००३ साली मुलाकडे, प्रसन्नकडे, कायमचे राहायला आले. चिंचवडच्या कारखान्यात डाय-फिटर, म्हणजे पोलादी साचे जुळवणारा, म्हणून हात घडलेला; इथे त्या हातांना करायला काही नव्हतं. वॉल्टरनं त्यांना लाकूड शिकवलं. तीन वर्षं रोज सकाळी दहा ते बारा दोघं एकाच बाकावर उभे असत.

१९ नोव्हेंबर २००६, रविवार. जेवण करून वॉल्टर गॅरेजमध्ये गेला. तीन वाजता त्याची बायको मार्ज कॉफी घेऊन गेली तेव्हा दिवा चालू होता, बाकाच्या व्हाइसच्या पकडीत बंदूक होती, बाकावर पटाशी होती. कोट खुंटीला. गाडी जागेवर. गॅरेजच्या बाजूच्या दाराला आतून कडी. वॉल्टर नव्हता.

पोलिसांनी दोन दिवस मागच्या गवताळ माळावर कुत्री फिरवली आणि लिहिलं, ‘वृद्ध गृहस्थ, भरकटले असावेत.’ राजारामांना तो शब्द अजून झोंबतो. डोळे मिटून मिलिमीटरच्या एका शतांशाचा फरक सांगणारा माणूस आपल्याच गॅरेजमधून भरकटला! आणि आतली कडी? ती म्हणे मार्जच्या लक्षात चुकीची राहिली असेल. बाई सत्तरीची आहे ना.

बुधवारी, १४ फेब्रुवारीला, मार्ज ती बंदूक घोंगडीत गुंडाळून घेऊन आली. राजारामांच्या पत्नी मालिनीताईंनी तिच्यासमोर चहा ठेवला.

“झाकण तेवढं राहिलंय, राजा,” मार्ज म्हणाली. “रविवारी क्लबवाले त्याच्या नावानं नेमबाजी ठेवतायत. मेमोरियल म्हणत होते. मी म्हटलं, तो शब्द आधी काढा. वॉल्टर परत येईल तेव्हा त्याला बंदूक पुरी झालेली दिसली पाहिजे.”

“कधी हवी?”

“शनिवारी चारला येते. आणि ढिलं ठेव बाबा. तो काय म्हणतो, आठवतंय ना?”

आठवत होतं. राजारामांचं काम हातात घेऊन वॉल्टर दर वेळी हसायचा. “हे तुझं स्टील नाही रे. कागद जाईल एवढी फट ठेव. आत हवा गेली पाहिजे.” राजारामांना ते कधीच पटलं नाही. चिंचवडला डायमध्ये कागद जाईल एवढी फट राहिली असती, तर ते काम तोंडावर फेकलं असतं.

३

गुरुवारी त्यांनी मेपल लाकडाची पट्टी रंधली. साडेपाच इंच लांब, दीड इंच रुंद. दोन्ही कडा आतल्या बाजूला कलत्या, दस्त्यातल्या खाचेत मागून सरकवता येतील अशा. खाचेखालचा कप्पा वॉल्टरनं आधीच कोरला होता: चार इंच लांब, सव्वा इंच रुंद, पाऊण इंच खोल. राजारामांनी तो मोजून वहीत लिहिला. ती वही आजही आहे.

झाकण बसवायची रीत सोपी, पण पित्त खवळवणारी. काजळीत दोन थेंब तेल कालवायचं, खाचेच्या भिंतींना पातळ फासायचं, झाकण आत सरकवायचं आणि बाहेर काढायचं. जिथे लाकूड अडतं तिथे काळा डाग उठतो. तो डाग पटाशीनं खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा झाकण. टूलरूममध्ये निळा रंग लावून हेच करतात. डाग खोटं बोलत नाही, असं राजाराम नव्या पोरांना बजावायचे. जिथे टेकलंय तिथेच उठतो.

तिसऱ्या खेपेला त्यांनी झाकण काढून उलटं केलं. दोन्ही कडांना डाग होते, बरोबर होतं. झाकणाच्या पोटाला, मधोमध, आणखी चार होते.

ते बघत राहिले. पोट कशालाच टेकत नाही. त्याच्याखाली पोकळ कप्पा आहे.

घर तापवणारी फर्नेस गुरगुरत सुरू झाली. राजारामांनी आपली बोटं पाहिली, काळी होती. म्हणजे आपणच धरताना लागलं. त्यांना हसू आलं. डाग पुसले, कडा खरवडल्या, पुन्हा काजळी लावली. या वेळी झाकण फक्त कडांना धरलं, काढतानाही तसंच.

चार डाग. त्याच जागी.

लाकूड वाकलं असेल, मध्ये फुगलं असेल. पण फुगून टेकणार कशाला? खाली पाऊण इंच हवा. त्यांनी पट्टी धरून पोट तपासलं. सरळ होतं. मग, कारण कळत नसताना टूलरूमचा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. जिथे डाग होता तिथे खरवडलं.

“अहो, चहा,” वरून मालिनीताईंची हाक आली. “आणि ते ठोकणं बंद करा जरा. डोकं उठलंय.”

राजारामांच्या हातात पटाशी होती. हातोडी अजून पेटीतच होती.

“झालंच,” ते म्हणाले.

४

शुक्रवारी त्यांनी रबरी मोजे घातले.

डाग पुन्हा आले, आता स्पष्ट. लांबट, गोलसर, आतल्या बाजूनं दाबून उठलेले. त्यांच्यात बारीक रेषा होत्या. चारही एका ओळीत नव्हते. तिसरा बराच मागे होता आणि बोथट होता. त्या बोटाला टोकच नसावं तसा.

वॉल्टरच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर १९८८ साली करवतीत गेलं होतं. तो त्यावरून विनोद करायचा. “लग्नाच्या अंगठीनं माघार घेतली,” म्हणायचा.

राजारामांनी झाकण बाकावर पालथं ठेवलं आणि स्टुलावर बसले. गेल्या जुलैत त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. तोंडाची डावी बाजू आठवड्यात सरळ झाली. मुलाची नजर अजून झाली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसलेलं दिसलं, विसरायला झालं, तर लगेच कळवा. आपल्याला नसलेलं दिसतंय का? त्यांनी एकोणतीसचा पाढा म्हटला. तारीख म्हटली. मालिनीताईंच्या माहेरच्या गल्लीतली घरं ओळीनं म्हटली. सगळं जागेवर होतं. डागही.

जेवताना प्रसन्न शॉमबर्गच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोळी तोडत होता.

“बाबा, किती झालं तुमचं? उद्या माझं रिलीज आहे, ऑफिसला जावं लागणार. तुम्ही तळघरात एकटेच चिझल-बिझल घेऊन, आय डोन्ट लाइक इट यार.”

“एकटा कसला. तुझी आई आहे वर.”

“आई वर, तुम्ही खाली. तेच म्हणतोय.”

“प्रसन्न,” राजाराम सावकाश म्हणाले, “समज, एखाद्या भागावर डाग उठतोय, आणि तिथे टेकायला काहीच नाही. तर तू काय समजशील?”

प्रसन्नचा घास हातातच राहिला. त्यानं आईकडे बघितलं. ते बघणं राजारामांना ओळखीचं होतं. जुलैपासून त्या घरात ते रोज होत होतं.

“कसला डाग? बाबा, डोकं दुखतंय का? हात वर करून दाखवा बरं दोन्ही.”

“अरे, टेक्निकल विचारतोय.”

“टेक्निकल नाही वाटत. हे बघा, एकदा जरी कन्फ्यूज झालात ना, तर खालची सगळी हत्यारं गराज सेलला. मी मागेच क्लिअर केलंय.”

“तुझ्या आजोबांचा रंधा आहे त्यात,” मालिनीताई म्हणाल्या. “विकून दाखव.”

प्रसन्न हसला, राजारामही हसले. दोन्ही हात वर केले, पोळी संपवली आणि ठरवलं, की या घरात पुन्हा डागाचं नाव काढायचं नाही. उद्या चारला बंदूक मार्जच्या हातात गेली की विषय संपला.

त्या क्षणी त्यांच्या मनात वॉल्टर नव्हता, आपली हत्यारं होती. हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही. विचारलं असतं, तर काउंटीलाही सांगितलं असतं.

५

शनिवारी दुपारी साडेतीन वाजता झाकण बसलं होतं. बोटाच्या रेट्यानं आत जायचं, बोटाच्या रेट्यानं बाहेर यायचं. पोटाकडे राजारामांनी सकाळपासून पाहिलं नव्हतं. झाकण फिरवताना ते मान वळवत होते.

फट किती राहिली, ते बघायला त्यांनी फीलर गेज काढलं. एका टोकाला जोडलेल्या पोलादी पात्यांचा जुडगा. प्रत्येक पाती वेगळ्या जाडीची, जी पाती फटीत जाईल तेवढी फट. हा त्यांचा चिंचवडचा जुडगा. प्रत्येक पातीवर अ‍ॅसिडनं कोरलेलं देवनागरी ‘रा. ढ.’, टूलरूममध्ये वस्तू पाय फुटून जातात म्हणून. पुण्यात राहिलेला तो जुडगा त्यांची मेहुणी पद्मजा जानेवारीत येताना घेऊन आली होती.

सगळ्यांत पातळ पाती पाच शतांश मिलिमीटरची. केसाहूनही पातळ. झाकण बोटभर उघडं ठेवून त्यांनी जुडग्याची खीळ सैल करून ती सुटी केली आणि बाजूच्या कडेच्या फटीत घातली.

गेली. अर्धी आत गेली. त्यांनी ती मागे ओढली.

आली नाही.

अडकली म्हणून त्यांनी हलकेच डावीउजवीकडे हलवली. अडकलेली पाती कशी लागते हे हाताला ठाऊक असतं. लाकडात धरलेली पाती मुकी असते. ही तशी नव्हती. आत कुणीतरी ती चिमटीत धरली होती, आणि जाडी अजमावत होतं.

फर्नेस बंद झाली. वर दाराची घंटा वाजली, मार्जचा आवाज आला, मालिनीताईंचा “कम, कम” आला. बूट झटकल्याचा आवाज झाला.

पाती त्यांच्या बोटांतून निसटली. झटका नाही, ओढाताण नाही. सावकाश, एकसारख्या वेगानं ती आत गेली. संपूर्ण.

राजारामांनी दिवा खाली ओढला आणि बोटभर उघड्या जागेतून आत पाहिलं. पाऊण इंचाचा तळ दिसायला हवा होता. प्रकाश आत गेला आणि कुठेच लागला नाही. मग त्या अंधारातून एक बोट वर आलं. काजळीनं काळं झालेलं, सुरकुतलेलं, म्हातारं. ते बाहेर यायला धडपडत नव्हतं. झाकणाच्या कडेवरून, आतल्या बाजूनं, सावकाश फिरत होतं. कारागीर दुसऱ्याचं काम हातात घेतो आणि कड कशी आली ते बघतो, तसं. कडेच्या शेवटाला ते थांबलं. मागून दुसरं आलं, आखूड.

“अहो! झालं का?” मालिनीताईंची हाक. “मार्ज खाली यायचं म्हणतेय.”

राजारामांनी तळहात झाकणावर ठेवला आणि लोटलं. झाकण सुरेख सरकलं. असं झाकण त्यांनी आयुष्यात बसवलं नव्हतं. खटका पडला. चार वाजून दहा मिनिटं.

फट कुठेच नव्हती. ना केस जाईल, ना हवा.

मग आतून वाजायला लागलं. टकटक, थांबणं, टकटक. तळहाताखाली ते दातांत कंप भरावा तसं कळत होतं. त्यांनी खटक्याची कळ दाबली. कळ दबली, झाकण हललं नाही. नखांनी ओढलं. नखाला धरायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी. पटाशी वीतभर अंतरावर होती. एक घाव पुरला असता. झाकण उभं चिरलं असतं. पण फुटलेलं झाकण दाखवून काय सांगायचं? मार्जला काय, मालिनीला काय, आणि संध्याकाळी प्रसन्नला काय?

ते तसेच उभे राहिले, हात ठेवून. टकटक भराभर झालं. मग विस्कळीत. मग एकदाच काहीतरी लांब खरवडलं. चार वाजून एकवीस मिनिटांनी ते थांबलं.

मार्ज जिना उतरून आली तेव्हा त्यांनी हात उचलला. ती दस्त्यावरून बोट फिरवत राहिली, मग कौतुकानं हसली.

“झाकण आहे हेच कळत नाही रे. पण राजा, तू ते ढिलं नाही ठेवलंस.”

“नाही,” राजाराम म्हणाले.

६

२४ मार्चला बर्फ वितळल्यावर मागच्या माळावर, घरांपासून चारशे पावलांवर, वॉल्टर सापडला. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, अंगावर कामाचं एप्रन, कोट नाही. त्याच माळावर नोव्हेंबरात दोन दिवस कुत्री फिरली होती.

काउंटीनं पत्रक काढलं: थंडीनं मृत्यू, बहुधा बेपत्ता झाला त्याच रात्री. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनं मात्र दुसरंच लिहिलं आहे, आणि दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये एकमेकांना चिकटून आहेत. मृत्यू श्वास कोंडून. गळ्यावर व्रण नाही, तोंडानाकात माती नाही, बर्फ नाही. मृत्यूला फार तर पाच आठवडे. डाव्या हाताच्या बोटांची टोकं काळी. तेल आणि काजळी. नखं तुटलेली, त्यांत लाकडाचा भुगा. मेपलचा.

उघड्या माळावर माणूस दम कोंडून मरत नाही. मार्जनं हे दोनदा लेखी विचारलं. एकदा उत्तर आलं, की थंडीत शरीर टिकतं, म्हणून काळाचा अंदाज चुकतो. काजळीबद्दल, भुग्याबद्दल, कोंडलेल्या श्वासाबद्दल एक ओळ नाही. दुसऱ्या पत्राला पोचसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये तिला त्याच्या वस्तूंचा लिफाफा मिळाला. तो घेऊन ती राजारामांकडे आली. चष्मा, पेन्सिल, रुमाल.

“आणि हे. त्याच्या मुठीत होतं. यादीत लिहिलंय, ‘धातूची पट्टी, परकी अक्षरं.’ तुमच्या अक्षरांसारखी वाटतात, राजा. काय लिहिलंय?”

राजारामांनी पाती उजेडात धरली. मालिनीताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. त्यांनाही वाचता येत होतं.

“माझं नाव आहे,” राजाराम म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. आधी मार्जला, मग संध्याकाळी प्रसन्नला. मार्ज उठून गेली, पुन्हा त्या घरात आली नाही. प्रसन्ननं दुसऱ्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. तपासण्या झाल्या; मेंदूत नवं काही सापडलं नाही. हत्यारं तरीही गेली, आजोबांचा रंधा सोडून. बंदूक मार्जच्या भिंतीवर आहे. झाकण कुणीही उघडलेलं नाही, आणि ती कुणाला उघडू देत नाही.

मग राजारामांनी काउंटीला पत्र लिहिलं. सोबत वहीचं पान आणि जुडग्याचा फोटो जोडला. पहिल्या, पाच शतांशाच्या पातीची जागा त्यात रिकामी आहे. अधिकाऱ्यानं फोनवर सांगितलं, की शेजाऱ्याकडून पाती उसनी घेतलेली असणार, त्यात काय मोठंसं. माणूस बेपत्ता झाला तेव्हा ती त्याच्याजवळ होती, एवढंच.

राजारामांनी दुसरं पत्र पाठवलं आणि त्याला एकच कागद जोडला. आता २००८चा ऑक्टोबर आहे. त्या पत्राला उत्तर आलेलं नाही. वॉल्टर बेपत्ता झाला १९ नोव्हेंबर २००६ रोजी. जोडलेला कागद पद्मजाच्या पासपोर्टच्या पानाची प्रत आहे. ज्या बॅगेतून तो जुडगा आला, त्या बॅगेसकट ती पहिल्यांदाच अमेरिकेत उतरली. शिकागो विमानतळाचा शिक्का ६ जानेवारी २००७चा आहे.